पाचवीतील दुसऱ्या थराच्या मुलांबाबत

प्रति,
मा. शिक्षण अधिकारी (प्राथमिक),
शिक्षण कार्यालय, दुसरा मजला.

विषय : इयत्ता पाचवी 'ब'ची खोली मोकळी करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे वर्ग एकत्रीकरणाचे पत्र. २) माझे यापूर्वीचे चार अर्ज.

महोदय,

१. उपरोक्त विषयी सविनय सादर करते की, मी गेली बावीस वर्षे पाचवीला गणित शिकवते. यंदा सत्र सुरू होताच 'ब' तुकडीच्या खोलीत आपल्या भांडारातील खोकी ठेवण्यात आली, आणि 'ब'ची एकोणतीस मुले माझ्या 'अ'च्या सत्तावीस मुलांत आणून बसवण्यात आली. खोक्यांत घनफळ शिकवण्याचे लाकडी ठोकळे आहेत असे ऐकते. तपासणीशिवाय सील तोडू नये असा आदेश असल्याने मी अद्याप एकही ठोकळा पाहिलेला नाही. घनफळ मी घरोघरच्या रिकाम्या काड्यापेट्या जमवून शिकवते.

२. संदर्भ क्र. १ मध्ये असे नमूद आहे की, खोली सात मीटर लांब, पाच मीटर रुंद व चार मीटर उंच असून तिचे घनफळ १४० घनमीटर भरते; दर मुलास अडीच घनमीटर या हिशेबाने छप्पन्न मुलांस जागा पुरेशी आहे. मी गुणाकार तपासला, भागाकारही तपासला. दोन्ही बरोबर आहेत. हे गणित करणारे आपल्या कार्यालयातील लिपिक माझेच विद्यार्थी. मी विचारायला गेले तेव्हा ते उठून उभे राहिले, मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "बाई, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. तुम्हीच रोज दहा वेळा म्हणून घ्यायचात." हे खरे आहे. त्या काळी मी पेटी भरून दाखवत नसे, नुसते सूत्र घोकून घेत असे. त्यांच्यावर कारवाई होऊ नये. वर्गातही ते सांगितलेल्या कामाबाहेर कधी गेले नाहीत.

३. अलीकडे मी थर रचून शिकवते. आधी तळ भरायचा, मग असे किती थर मावतील ते मोजायचे. यंदा उदाहरण म्हणून आपले पत्रच फळ्यावर लिहिले. मुलांनी खोली मोजली : तळाला एक मीटरचे पस्तीस ठोकळे, असे चार थर. वर्गात एक मुलगी आहे. हाती लागेल ते मोजत सुटते म्हणून तिला सगळे 'पट्टी' म्हणतात. तिने माझे टेबल, कपाट आणि दार उघडण्याची जागा वजा केली, उरलेल्या तळावर बत्तीस मुले मांडली आणि विचारले, "बाई, राहिलेली चोवीस जणं कुठं बसणार? दुसऱ्या थरात?" वर्ग खो खो हसला. मीही हसले, आणि तिचा प्रश्न जसाच्या तसा पहिल्या अर्जात लिहून आपणांकडे पाठवला. पाठवायला नको होता.

४. दुसऱ्या अर्जानंतर आपले उत्तर आले : 'खोलीच्या उपलब्ध उंचीचा विनियोग कसा करावा, हे शाळा स्तरावर ठरवावे.' आमच्या मुख्याध्यापकांच्या निवृत्तीला सात महिने उरले आहेत. पाण्यात राहून माशाशी वैर नको, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी सुतार बोलावून मागच्या भिंतीलगत माळा घालून घेतला व शिडी लावली. वरच्यांच्या डोक्याला लागू नये म्हणून पंखा काढला. चोवीस मुले माळ्यावर बसू लागली. मुलांना आधी गंमत वाटली. वर कोणी बसायचे यावरून भांडणेही झाली. तिसऱ्या अर्जात मी माळ्याला कठडा मागितला होता.

५. गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला पट्टी शिडीवरून पडली. उत्तर तपासून घ्यायला वही हातात धरून उतरत होती. उजवे मनगट मोडले. तिची आई आली. ती भांडली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, "बाई, तुमच्या भरवशावर पाठवत होते," आणि दप्तर उचलून मुलीला घेऊन गेली. मला रडू येईल असे वाटले होते, ते आले नाही. मी पुढचा तास घेतला. चौथा अर्ज त्याच दिवशी लिहिला आहे. त्यात दोन ठिकाणी खाडाखोड आहे, त्याबद्दल क्षमस्व.

६. त्यानंतर माळ्यावरची मुले एकेक करून यायची थांबली. आजमितीस हजेरीपटावर छप्पन्न नावे असून वर्गात बत्तीस मुले आहेत. सगळी खालीच बसतात. कोणाचे कोपर कोणाला लागत नाही, फळा सर्वांना दिसतो. तास चांगला होतो. परवा आपले निरीक्षक येऊन गेले व त्यांनी 'बैठकव्यवस्था समाधानकारक' असा शेरा लिहिला. मी त्याखाली सही केली.

७. सही करताना मला बरे वाटले. चोवीस मुले घरी बसली आहेत आणि मला बरे वाटले, हे आपणांस कळवणे भाग आहे. कारण सहावा अर्ज माझ्याकडून होईलच, याची मला खात्री देता येत नाही. मागच्या अर्जात खाडाखोड होती. आज अक्षर चांगले आले आहे, ते आपण पाहतच आहात.

तरी 'ब'ची खोली याच आठवड्यात मोकळी करून द्यावी. खोकी बाहेर काढायला मी स्वतः येईन, मुलांच्या घरोघर जाऊन त्यांना परत आणण्याचे कामही करीन. फार दिवस हाताशी नाहीत. या अर्जासोबत जोडण्यासाठी काल त्या चोवीस मुलांची यादी करायला बसले. हजेरीपट न उघडता मला एकवीसच नावे आठवली.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
वर्गशिक्षिका, इयत्ता पाचवी, दोन्ही तुकड्या

दिनांक : १४ नोव्हेंबर

सोबत : १) पूर्वीच्या चार अर्जांच्या प्रती. २) वैद्यकीय दाखला. ३) गैरहजर मुलांची नावे व पत्ते.