पोत्यातली चिठ्ठी

दादा,

पाकिटावर तुझं नाव घालणार नाही. एकदा लिहिलं, तेवढं पुरे झालं.

इथे दक्षिण कोरियात, आमच्या गुनसानच्या गिरणीतून तुमच्या उत्तरेकडे मदतीचा तांदूळ जातो. दोन्ही सरकारं रोज एकमेकांना धमक्या देतात, तरी पोती भरली जातातच. पोत्यांची तोंडं शिवणं माझं काम. उन्हाळ्यात मी एका पोत्यात चिठ्ठी सारली: तुझं नाव, आपलं गाव, आणि ‘बहीण जिवंत आहे’.

काल ट्रकवाला सांग-चोल सीमेपलीकडून परतला. म्हणाला, "आजी, तिथल्या साहेबानं मला चिठ्ठी दाखवली. लिहिणारीला सांग म्हणाला, भाऊ सापडला."

"कसा आहे रे तो?"

"मीही तेच विचारलं. साहेब नुसता हसला."

दक्षिणेत सख्खी बहीण असणं तिथे गुन्हाच, म्हणून तू ते पन्नास वर्षं लपवलं असशील, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

ज्यांच्या मरणाचा दिवस ठाऊक नसतो, त्यांना आपण नवव्या महिन्याच्या नवमीला भात वाढतो. तू असशील कुठेतरी, म्हणून तुझ्या नावाचा वाडगा मी कधीच मांडला नाही.

नवमी उद्या आहे. तांदूळ भिजत घातलाय.

तुझी धाकटी