रिकामी पेटी पाठवू नये

अप्पा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुमची नात तेव्हा तीन वर्षांची होती. दुकानातल्या पत्र्याच्या तुकड्यांपासून तिला लांब ठेवता ठेवता तुमचा जीव मेटाकुटीला यायचा. ती आता जर्मनीत आहे, दोन वर्षं शिकायला. तिला जाऊन सोळा दिवस झाले, आणि या सोळा दिवसांत माझं जे चाललं आहे ते मी कुणाला सांगू शकत नाही. नवऱ्याला सांगायला जावं तर तो म्हणेल, लेकीची आठवण येते, होतं असं. आठवण येते, नाही असं नाही. पण पोटात दुखतं आहे ते आठवणीनं नव्हे. मला तिचा हेवा वाटतो. पोटच्या पोरीचा. लिहून टाकलं एकदाचं.

तुम्ही हसाल, पण आपल्या घराण्याचा धंदाच दुसऱ्यांना गावाबाहेर पाठवण्याचा. हुबळीच्या कमरीपेठेतून ज्याला शिकायला नाहीतर नोकरीला बाहेरगावी जायचं, तो आधी तुमच्या दुकानात ट्रंक घ्यायला यायचा. तुम्ही पत्रा वाकवून, ठोकून, आतून निळा रंग देऊन ट्रंक तयार करायचा, झाकणावर पांढऱ्या रंगानं गिऱ्हाइकाचं नाव घालायचा, आणि सगळ्यात शेवटी डब्यातली मूठभर ज्वारी तिच्या एका कोपऱ्यात टाकायचा. कुणी विचारलं तर तुमचं कन्नडातलं उत्तर ठरलेलं, ‘खाली पेटगी कळसबारद्री.’ रिकामी पेटी पाठवू नये. आणि ते गिऱ्हाईक गेल्यावर मला मराठीत सांगायचा, ‘रिकामी गेलेली पेटी मालकाला माघारी घेऊन येतीय, बाळा.’ आता आपल्या दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात. मी विद्यानगरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. परदेशी जाणाऱ्या पोरांच्या मार्कांच्या प्रती लिफाफ्यात घालते, चिकटवते, जोडावर शिक्का मारते. बावीस वर्षं मारते आहे. पोरं पेढे देऊन जातात. मी पेढा खाते आणि मनात म्हणते, यांच्यापेक्षा मला मार्क जास्त होते.

खरंच होते. म्हणून तर तुम्ही मला म्हैसूरला पाठवलंत. आई माझ्या लहानपणीच गेलेली, घरात आपण दोघंच. लोक तुम्हाला म्हणाले, एकुलती पोरगी, एवढ्या लांब कशाला? तुम्ही ऐकलं नाहीत. माझी ट्रंक तुम्ही दुकान बंद ठेवून दोन दिवस करत होता. झाकणावर माझं नाव कन्नडात आणि मराठीत, दोन्हीत घातलंत, आणि कोपऱ्यात एक नाही, दोन मुठी ज्वारी टाकलीत. हॉस्टेलच्या खोलीत माझ्याबरोबर एका डॉक्टरची मुलगी होती, तिच्याकडे चाकांची सूटकेस. मी ट्रंक उघडल्यावर ती वाकून बघते आणि विचारते, ‘हे कोंबड्यांसाठी आणलंयस का?’ ती वाईट नव्हती, गंमत करत होती. पण मी लाजेनं काळीठिक्कर पडले. ती आंघोळीला गेल्यावर मी ती सगळी ज्वारी ओंजळीत भरून खिडकीबाहेर फेकली. चिमण्यांनी दोन दिवसांत साफ केली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते, कारण मी ते आयुष्यभर वेगळंच सांगत आले. पाचव्या दिवशी मी रस्त्यावरच्या बूथमधून आपल्या शेजारच्या सायकलवाल्याकडे फोन लावला. तुम्ही हातातलं काम टाकून आलात, धापा टाकत होता. मी म्हटलं, ‘अप्पा, मला न्यायला या. मी हितं ऱ्हात न्हाई.’ तुम्ही विचारलंत, ‘कोण काय बोललं काय?’ मी रडत राहिले. दुसऱ्या दिवशी तुम्ही हॉस्टेलच्या फाटकात उभे, पायात दुकानातल्याच चपला. परतीच्या गाडीत तुम्ही ट्रंक पायाशी घेऊन बसला होता. दावणगेऱ्याला गाडी थांबली तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘बाळा, अजून उतरूया की. उलट्या गाडीनं परत जाऊया. मी चार दिवस तिथंच धर्मशाळेत ऱ्हातो. तुझं बस्तान बसलं की येतो.’ मी खिडकीकडे तोंड फिरवलं. गाडी सुटली. घरी आल्यावर तुम्ही ट्रंक उघडलीत, ज्वारीच्या कोपऱ्यात हात फिरवलात, तो रिकामा निघाला, आणि तुम्ही झाकण लावलंत. रागावला असता तर बरं झालं असतं.

लग्न झाल्यावर मी नवऱ्याला काय सांगितलं? अप्पांचा जीव माझ्यावाचून राहीना, ते येऊन मला घेऊन गेले, नाहीतर मी आज कुठल्या कुठे असते. पुढं लेकीलाही तेच सांगितलं. तुम्ही गेल्यावर तर सांगायला आणखी सोपं झालं, तुम्ही थोडेच खोडून काढणार होता. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात ना. मी तर माझ्या अंगणाला इतकी वर्षं कुलूपच लावून ठेवलं होतं. ऑफिसात शिक्का मारताना, बसमध्ये, भाकरी थापताना, माझ्या मनात तुम्ही कायम त्या फाटकाशी उभे, मला न्यायला आलेले. मी बोलावलं म्हणून आलात, हे मी स्वतःलासुद्धा विसरायला लावलं.

ती ट्रंक लग्नानंतर मी रायापूरच्या घरी आणली. तिच्यात वर्षाची ज्वारी भरून ठेवते. लेक लहान असताना जेवायची नाही, तेव्हा तिला ट्रंकेवर बसवून तुमच्या दुकानाच्या गोष्टी सांगत घास भरवायचे. मूठभर ज्वारीची गोष्टही सांगितली होती. तिच्या ती लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं.

तिचं जायचं ठरल्यापासून मी शहाण्यासारखी वागले. कागद जमवले, चटण्या कुटल्या, शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या. तिच्यासाठी जाड कोट आणला होता, तो एक दिवस ती धारवाडला मैत्रिणींना भेटायला गेलेली असताना मी अंगात घालून आरशासमोर उभी राहिले. हुबळीच्या उन्हात, पंखा बंद करून. मला बरोबर बसला, अप्पा. खिशात हात घालून मी थोडं चालूनही बघितलं. मग घाम यायला लागला तशी काढला आणि घडी करून बॅगेत ठेवला. त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली, ती शेवटी सांगते. निघायच्या आदल्या दिवशी बॅगेचं वजन केलं तर तेवीस किलोच्या काठावर. लेक बॅगेजवळ बसून होती. तिनं विचारलं, ‘आई, अजून काय ठेवायचं ऱ्हायलंय काय?’ मी म्हटलं, ‘न्हाई, झालं की सगळं.’ ती जरा वेळ तशीच बसली, मग चेन लावली.

पाचव्या दिवशी फोन आला. पाचवाच दिवस, बघा. नवरा कामावर गेलेला, मी ऑफिसला निघायच्या घाईत चपला घालत होते. ती रडत होती. खोलीची किल्ली आत राहिली आणि दार आपोआप लागलं, दोन तास जिन्यात बसावं लागलं. वर्गात मास्तर काय बोलतात ते अर्धं कळत नाही. रविवारी दुकानं बंद असतात हे कुणी सांगितलं नव्हतं, नुसत्या चटणीवर दिवस काढला. जिन्यात भेटणारं माणूस मान हलवून पुढं जातं, कुणी नाव विचारत नाही. आणि मग म्हणाली, ‘आई, मी परत येऊ काय? आजोबा आलते न्हवं तुला न्यायला?’

अप्पा, मला कसं वाटलं म्हणून सांगू? गार वाटलं. पहिल्यांदा तेच. लेक परमुलखात जिन्यात बसून रडली आणि आईला गार वाटतं. म्हणजे जमलं नाही तर तिलाही नाही. म्हणजे मी काही जगावेगळी कच्ची नव्हते. ‘ये’ हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होता, आणि तो किती चांगला दिसला असता. कुणीही म्हटलं असतं, आई असावी तर अशी. मी एका पायात चप्पल घालून उभी राहिले. मग मला तुमचा दावणगेऱ्याचा चेहरा आठवला. तुम्ही माझ्या एका शब्दावर धावत आलात, पण उतरूया म्हणालात तेव्हा तुमच्या तोंडावर मला घरी नेण्याचा आनंद नव्हता. मी तिला म्हटलं, ‘आजोबा आपणहून न्हवते आलेले. मी फोन करून बोलावलं, म्हणून आले. वाटेत म्हणाले, उतरूया, परत जाऊया. मीच उतरले न्हाई.’ मग ती म्हणाली, ‘तू मला आजपर्यंत असं कधी सांगितलं न्हाईस.’ मी म्हटलं, ‘न्हाई सांगितलं.’ तिनं फोन ठेवून दिला. ये म्हटलं नाही आणि येऊ नको म्हणायचंही मला सुधरलं नाही.

नंतर आठवडाभर नुसते दोन-दोन शब्दांचे निरोप. जेवले. क्लासला आहे. बिझी. ती परतीचं तिकीट बघत असेल असं मी धरून चालले होते, आणि खरं सांगते, तिच्या खोलीतली चादर बदलून ठेवली. लेक येणार म्हणून काळजी आणि लेक येणार म्हणून सुख, दोन्ही एकाच पोटात. ऑफिसात एका मुलाच्या लिफाफ्यावर शिक्का उलटा मारला, बावीस वर्षांत पहिल्यांदा. हेडक्लार्क म्हणाले, ‘अक्का, लक्ष कुठं आहे?’ लिफाफा फाडून दुसरा केला.

काल रविवारी तिनं व्हिडिओ कॉल लावला. केस कापलेत. किल्ली आता गळ्यात दोरीला बांधलेली असते, शाळेतल्या पोरासारखी. खालच्या मजल्यावर एक इराणी मुलगी आहे, दोघी मिळून शनिवारी दोन दिवसांचं सामान भरतात आणि एकत्र भात करतात. मास्तरांना तिनं वर्गानंतर थांबवून सांगितलं की मला कळत नाही, तर ते सावकाश बोलायला लागले. मी अठरा वर्षांची असताना हे एक वाक्य कुणापाशी बोलले असते तर? तिनं फोन फिरवून खोली दाखवली. खिडकीशी टेबल आहे, तिचं एकटीचं. त्यावर वाकड्या मानेचा दिवा, पुस्तकं. बाहेर एक झाड. मी त्या टेबलाकडे अशी बघत होते की तिनं दोनदा हाक मारली. आणि मग टेबलाच्या कडेला ठेवलेली काचेची छोटी बाटली तिनं कॅमेऱ्यासमोर धरली. आत ज्वारी. ‘ही तुझ्या ट्रंकेतली,’ ती म्हणाली. ‘तुझ्या गडबडीत ऱ्हाऊन गेलं बघ. मी वाट बघितली, मग म्हटलं आपणच घेऊया. रिकामी पेटी न्हेऊ नये न्हवं?’ मी म्हटलं, ‘हो गं. विसरलेच मी.’ तिनं बाटली परत जागेवर ठेवली, दिव्याजवळ, आणि मला भात कसा केला ते सांगत बसली.

हे पत्र कुठं टाकणार? ट्रंकेत टाकते, तुमच्या हातच्या निळ्या रंगावर, ज्वारीच्या खाली. आता ती शेवटची गोष्ट. ज्या दिवशी कोट घालून बघितला, त्याच दिवशी मी ट्रंक उघडून मूठ भरली होती. बॅगेपर्यंत आलेही होते. बॅग उघडी होती, वर तो कोट. मी मूठ धरून तिथं बराच वेळ उभी राहिले, आणि मग मागं फिरून ज्वारी परत ट्रंकेत सोडली. मी विसरले नव्हते, अप्पा.