देवघरातलं बटण

७ जुलै १९५९
आज विजेचा धडा सुरू केला. टाळून टाळून किती टाळणार? टाइमटेबलात आला, केला. सेल, तार, टॉर्चचा बल्ब, कळ. वाट पुरी झाली तर करंट वाहतो, कुठेही तुटली तर नाही. आवाज ठीक होता माझा. बल्ब लागला तशा पोरींनी टाळ्या वाजवल्या, दरवर्षीसारख्या. मग कळ दाबायला एकेकीला बोलावलं. नलीचं नाव घेतलं तर उठेचना. 'मिस, मला बरं नाही.' वर्गात ती मला मिसच म्हणते. माझी पोर, पहिल्या बाकावरची, मान खाली घालून बसून राहिली. कुणी हसलं नाही. तिचे वडील कसे गेले ते सगळ्या चामराजपेटला ठाऊक आहे.

८ जुलै
कंदिलाच्या काचा पुसणं हे नवं काम मागे लागलंय. हे गेले त्याच आठवड्यात सासूबाईंनी मेनचा फ्यूज काढायला लावला. 'ही अवदसा माझ्या घरात नको.' शेजारच्या गौरक्का म्हणतात, स्वल्प दिवस जाऊ देत, सगळं सरी होईल, नीट होईल. काय सरी होणार, कपाळ!

आज पूजा करताना सा.बाईंचं परत तेच, 'सोवळ्यात गेला माझा वसंत, पुण्यवान.' पुण्य म्हणे! वाळत घातलेल्या सोवळ्याला गौरक्कांच्या नातवाचा हात लागला, ते ओवळं झालं, म्हणून ह्यांनी धोतर धुऊन पिळून तसंच ओलं नेसलं. अंगावर ओलं, पाय अनवाणी, देवघराची फरशी ओली. वर टांगलेला पितळी दिवा, त्यात ह्यांनीच हौसेने बल्ब बसवलेला, तारेचं आवरण आत पितळेशी घासून गेलेलं. दिव्याला फूल वाहायला हात लावला. दिव्यातून हात, हातातून ओले पाय, पायांतून जमीन. झाली वाट पुरी. नुसते पाटावर उभे असते तरी... कोरड्या लाकडातून करंट जात नाही, हे मी पोरींना पहिल्याच तासाला शिकवते.

हे नलीपाशीच बोलते, सा.बाईंना नाही. 'ओलंच नेस, पूजेला उशीर नको' असं सा.बाईच म्हणाल्या होत्या. त्या विसरलेल्या नाहीत. रात्रंदिवस पुण्य पुण्य करतात ते त्यामुळेच.

१३ जुलै
नली म्हणाली, कॉलेजात आर्ट्स घेणार. माझा पारा चढला. बाबांना तुला इंजिनियर करायचं होतं, वगैरे नको ते सगळं बोलून गेले. ती एकदम ओरडली, 'मीच दाबलं ना बटण!'

मला काही समजेना. मग हळूहळू आलं बाहेर. हे म्हणाले होते, नली, दिवा लाव ग. तिने लावला आणि फुलं निवडायला वळली. मागे तांब्या पडल्याचा आवाज.

'अज्जी म्हणते पुण्य, तू म्हणतेस ओलं धोतर. मधे मी आहे, ते कुणीच म्हणत नाही.'

इतके महिने मी समजत होते, बटण ह्यांनीच लावलं. पोर हे एकटी घेऊन हिंडत होती. जवळ घेतलं तर लाकडासारखी ताठ. देवा रे.

१४ जुलै
सकाळी पुन्हा बसवलं समोर. म्हटलं, बाबांनी सांगितलं म्हणून लावलास, तुझा काय दोष? 'आई, समजूत नको. बटण दाबलं नसतं तर बाबा असते की नसते, एवढंच सांग.'

आणि मी बोलत सुटले. 'दिव्याकडे दोन तारा जातात. एकीतून करंट येतो ती जिवंत, दुसरी परतीची. बटण जिवंत तारेवर हवं. परतीच्या तारेवर बसलं असेल, तर बटण बंद असलं तरी करंट दिव्यात येऊन उभाच असतो. हात लागला की संपलं. मग तू दाब नाहीतर दाबू नको. वायरिंग बाबांनी स्वतः केलेलं, वायरमन नको म्हणाले, मी आहे ना म्हणाले! घरी करणारे हमखास उलट बसवतात.'

'खरंच उलट होतं?'

'असणार.'

जेवली. मागून घेऊन भात खाल्ला. गेलेल्या नवऱ्याला अडाणी ठरवलं मी, आणि जीभ जराही अडखळली नाही.

१७ जुलै
नलीने वर्गात कळ दाबली! स्वतः हात वर करून आली. बल्ब लागला तेव्हा बल्बकडे न बघता माझ्याकडे बघितलं. स्टाफरूममध्ये जाऊन रडले. विचारलं तर खडूची धूळ म्हटलं.

२० जुलै
कार्टी आता ऐकेना. दोन बल्ब एकामागे एक जोडले तर मंद का लागतात, बाजूबाजूने जोडले तर का नाही, हे आज अज्जीला समजावत होती. सा.बाई 'हो ग बाई, हो' करत वाती वळत होत्या. किती दिवसांनी घरात बोलणं ऐकू आलं.

मग माझ्याकडे वळून, 'आई, बटण तू उघडून बघितलंस ना?' म्हटलं, बघायचंय. 'तूच सांगतेस वर्गात, बघितल्याशिवाय वहीत लिहायचं नाही. बुधवारी शाळेतून आले की मी बघते, तू नुसती उभी राहा.'

दुसऱ्या कुणाची पोर असती तर शाबासकी दिली असती.

२२ जुलै
अर्ध्या दिवसाची रजा टाकली, नलीच्या आधी घरी आले. शाळेतला सेल, टॉर्चचा बल्ब, लांब तार. घरातले सगळे बल्ब काढले, त्यांच्यातून दुसरी वाट राहायला नको. एक टोक फ्यूजच्या जागी, जिथून जिवंत तार निघते तिथे, दुसरं देवघरातल्या बटणाला. ह्यांनी बटण परतीच्या तारेवर बसवलं असेल तर लागायचा नाही.

लागला.

परत करून बघितलं. लागला. बटण जिवंत तारेवर, अगदी जिथे असायला हवं तिथे. काय सुरेख काम केलंय! तारा सरळ, स्क्रू घट्ट. शहाण्या माणसा, एकदा तरी चुकायचं होतंस रे.

सा.बाई दारात येऊन उभ्या. दिवा लागलेला दिसला तशी सवयीने हात जोडले. मग म्हणाल्या, 'लागला ग, सुमती. म्हणजे बरंच ना?'

'हो, बरं.'

दुसरं काय सांगू? ओल्या धोतराचं त्यांना, बटणाचं तिला. कुणाकुणाला काय काय सांगू मी?

मेनच्या फळीवर देवघराच्या दोन तारांचे दोन स्क्रू आहेत. तारांची अदलाबदल केली की नलीच्या हातून बल्ब लागणार नाही. पोर सुटेल. वीज पुन्हा घ्यायच्या आधी परत सुलट करता येईल, तेवढं मला येतं. पण तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतः जोडलेला खरा प्रयोग, तोच मी खोटा करायचा. आणि पुढे कधी कळलं तर? कळेलच. हुशार आहे.

ह्यांचं एवढं नीट काम मीच उलटं करायचं.

एक स्क्रू सैल करून इथे येऊन बसले आहे. शाळा सुटली असेल आता.