वर्तुळातला चार

दि. ९ नोव्हेंबर, रविवार

चि. ठकू हिस बाबांचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गुडघा आहे तिथेच आहे आणि मीही. कुंडीतलं जास्वंद फुलायचं नाव घेत नाही. तुझ्या आईने रागावून फुलवलं असतं.

तुझ्या छोटीसाठी मी शाळेतल्या कविता कॅमेऱ्यापुढे म्हणून पाठवाव्यात, असं तू लिहिलंस. दिवसभर तरंगत होतो बघ. तिसरीच्या पुस्तकातली चांदोबाची म्हणू की चौथीतली पाखरांची, यातच दोन दिवस गेले. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली, जाडजूड ग्रंथ डोळ्यांखालून गेले, पण पाठ राहिल्या त्या याच कविता. तुझी आई म्हणायची, यांना भाजी आणायला पाठवा, कविता घेऊन येतात, आणि तीही निवडलेली नसते.

कॅमेरा कपाटातून काढला. तू गेल्या वर्षी मैत्रिणीबरोबर पाठवलेला तोच. त्यातलं कार्ड खिशात टाकून कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदारीण बाई चष्मा कपाळावर ठेवून काउंटरवर शोधत होती, म्हणजे आमच्याच जातकुळीतली. मी म्हटलं, हे मध्येच थांबतं, याहून जास्त जागेचं द्या. ती म्हणाली, बत्तीस जीबी आहे की, जागेला काय धाड भरलीय? मग तिने ते भिंगाखाली धरलं आणि मला कोपऱ्यातलं वर्तुळ दाखवलं. त्यात चारचा आकडा. मला ती आजवर नक्षी वाटत होती.

तो वेग असतो म्हणे. "कॅमेरा म्हणजे नळ आणि कार्ड म्हणजे नरसाळं, आजोबा. बाटली केवढीही घ्या, नरसाळं बारीक असेल तर पाणी आत जात नाही. मग कॅमेराच नळ बंद करतो. पडद्यावर तसं लिहून येतं, वाचलं नाहीत?"

नाही वाचलं. जन्मभर दुसऱ्यांची अक्षरं वाचली, पण त्या दुपारी मी पडद्याकडे बघत नव्हतो, ठकू. तुझ्या आईकडे बघत होतो.

वर्तुळात दहाचा आकडा असेल तेच कार्ड घ्या, असं तू कॅमेऱ्याबरोबरच्या चिठ्ठीत बजावलं होतंस. ती चिठ्ठी परवा सापडली, चौथीच्या पुस्तकात, पाखरांच्या कवितेपाशी. मीच खूण म्हणून घातली होती, विसरलो, आणि कार्ड चारचं आणलं.

आई गेली तेव्हा मी तुला कळवलं की तिच्यात बोलायचं त्राण उरलं नव्हतं, तू मागितलेलं चित्रण झालंच नाही. तू एवढंच लिहिलंस, "म्हणजे शेवटपर्यंत बोलली नाहीच माझ्याशी." त्यावर मी जास्वंदाविषयी काहीतरी लिहिलं होतं.

ती बोलली होती, ठकू. चांगली सात-आठ मिनिटं बोलली.

चार वर्षं ती तुझ्या फोनवर आली नाही, ते रागाने नव्हे. म्हणाली, फोनवर मी रडेन, ती रडेल, आणि बोलायचं राहून जाईल. कॅमेरा आला तेव्हा तिने स्वतः केस विंचरून घेतले, उशीला टेकून बसली. आता आठवतं तसं लिहितो, माझी भर घालत नाही.

"तू घर सोडलंस तेव्हा मी दार लावलं, पण आत नाही गेले. खिडकीत उभी होते. तुझ्या बॅगेचं एक चाक मोडलं होतं, तू ती उचलून नेत होतीस. वाटलं, खाली जावं, एका बाजूने धरावं. नाही गेले. ते माझं चुकलं. लग्न तुझं, संसार तुझा, मी कोण नाही म्हणणारी? ती बॅग बदललीस का गं?"

मग छोटीला न्हाऊ घालताना कान कसे जपायचे ते सांगितलं, मला दोन टोमणे मारले आणि दमून पडली.

संध्याकाळी मी लावून पाहिलं. अकरा सेकंद. त्यात ती विचारते, "सुरू झालं का हो?" मी म्हणतो, "झालं. बोल." ती पदर सारखा करते. संपलं.

इथवर लिहून पेन ठेवलं होतं. चहा करून आलो. तो निवला.

ती त्यानंतर तीन दिवस होती. पुन्हा बोल म्हणायचं मला धाडस झालं नाही, फार थकली होती. तिने विचारलं, पाठवलंत का? मी म्हटलं, पाठवलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, पोचलं असेल ना? मी हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मग अजून काही बोलली नाही ती." आणि भिंतीकडे वळली.

तुम्ही दोघी एकमेकींची वाट बघत राहिलात. मधे मी उभा होतो.

जुनं कार्ड पाकिटात घातलं आहे. अकराच सेकंद आहेत, पण आवाज तिचाच आहे. नवं कार्ड दहाचं आणलंय. कविता म्हणेन, पण तू म्हण म्हणालीस तरच. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही.

फक्त बॅग बदललीस की नाही, तेवढं कळव. तिने विचारलं होतं.

तुझा अपराधी,
बाबा