जेलमधली वरची रेघ

आई, तुला जाऊन सहा वर्षं झाली. घाटकोपरच्या ज्या रक्तपेढीत मी काम करते, तिथे गेल्या महिन्यात रक्तगट तपासायचं नवं यंत्र आलं. असं यंत्र आलं की आधी आम्ही आमचंच रक्त त्यात घालून बघतो. निकाल ठाऊक असतो, तो बरोबर येतो का ते कळतं. तुझा गट ओ, बाबांचा बी, माझा ओ. दुपारी जेवणाआधी मी माझा नमुना लावला. जेल भरलेली बारीक नळी असते. रक्तात बी गट असेल तर पेशींच्या गुठळ्या होतात आणि त्या वरच अडकतात. नसेल तर सगळ्या सुट्या राहून तळाला जातात. माझ्या बहुतेक पेशी तळाला गेल्या. वर मात्र एक बारीक लाल रेघ थांबली होती.

मी पुन्हा केलं. नवी सुई, दुसरा हात. रेघ तिथेच. आमच्या सीनियर बाई चष्मा कपाळावर चढवून नळी उजेडात धरून बघत होत्या. "कधी रक्त चढवलंय का गं तुला?" "नाही." "बोन मॅरो वगैरे?" "नाही." "मग यार, तुझ्यात दुसरं कोण बसलंय?" त्या हसल्या. मी हसले नाही, तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आईला विचार ना, जुळं होतं का." "आई नाहीये," मी म्हटलं. "पण जुळं होतं." हे मी पहिल्यांदाच कुणाजवळ मान्य केलं.

तू सांगायचीस की तिसऱ्या महिन्यात बोरीवलीच्या एका दवाखान्यात सोनोग्राफी केली, तेव्हा पडद्यावर दोन ठिपके लुकलुकत होते. पाचव्या महिन्यात दुसरीकडे केली, तेव्हा एकच. बाबा म्हणाले, आधीचं मशीन जुनं असेल. तू मला म्हणायचीस, "दोगां होती गो. माका म्हायत आसा." मी सहा दिवसांची झाले तेव्हा सटवाईच्या पूजेत पाटावर तू दोन कोरे कागद ठेवलेस. बाळाचं नशीब लिहायला एक ठेवतात. आत्या अजून सांगते, बाबांनी त्यातला एक उचलला आणि तू तो परत ठेवलास. आणि दर वाढदिवसाला तू मला दोनदा ओवाळायचीस. एकदा माझ्याकडे बघून, एकदा माझ्या डाव्या खांद्याच्या जरा पलीकडे बघून. मी पाटावर बसलेली आहे, आठ-नऊ वर्षांची. निरांजन दुसऱ्यांदा फिरतंय, तुझी पापणी हलत नाहीये, आणि मान वळवून बघायची माझी हिंमत होत नाही.

एकोणिसाव्या वाढदिवसाला मी ताट हाताने अडवलं. आत्या होती, शेजारच्या काकू होत्या. मी लॅब टेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि पुरावा हा शब्द मला फार आवडायचा. "हे दुसरं कुणासाठी? रिपोर्ट आहे? फोटो आहे? वेड लागल्यासारखं काय करतेस?" आत्या म्हणाली, "बरं झालं बाई, कुणीतरी बोललं." तू ताट खाली ठेवलंस. "शिरो गार होतलो, खा," एवढंच म्हणालीस आणि आत गेलीस. पुढचे दोन वाढदिवस तू मला एकदाच ओवाळलंस. मग तू गेलीस.

त्याच वर्षी कॉलेजात काचपट्टीवर मी माझा रक्तगट काढला होता. बी लिहिलेल्या थेंबात दोन-चार बारीक कण दिसत होते. सर म्हणाले, नीट ढवळलं नाहीस. मी ओ लिहून टाकलं.

आता काय झालं असणार ते सांगते. दोन वेगळ्या बीजांची जुळी असली की प्रत्येकाची वार, म्हणजे प्लॅसेंटा, वेगळी असते. क्वचित शेजारच्या दोन वारा एकमेकींना चिकटतात, त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या जुळतात, आणि एकाच्या रक्त तयार करणाऱ्या पेशी दुसऱ्याच्या शरीरात जाऊन मुक्काम करतात. नंतर एक गर्भ थांबला, विरला, तरी त्या पेशी थांबत नाहीत. दुसराही प्रकार असतो, अगदी पहिल्या दिवसांतच दोन गर्भ मिसळून एक होतात. पण मग तुला पडद्यावर दोन दिसलेच नसते. ओ गटाच्या माणसाच्या रक्तात बीविरुद्ध लढणारं द्रव्य असायला हवं. माझ्यात ते नाही. मी नाही म्हणत होते, तेव्हाही माझं रक्त त्या दुसरीला ओळखत होतं.

केसांची मुळं रक्ताच्या पेशींपासून बनत नाहीत, म्हणून मुळासकट उपटलेले केस तपासले तर हे शरीर कोणत्या गटाचं ते कळेल. केस बी गटाच्या माणसाचे निघाले, तर पाहुणी ती रेघ नाही. मग तळाला बसलेलं बाकी सगळं रक्तच दुसऱ्या कुणाचं आहे. पंधरा केस पाकिटात घातले, नंबर टाकला. बाई रोज विचारतात, "पाठवलंस का गं?" मी म्हणते, कुरियर आला नाही. कुरियर रोज येतो.

तुझी माफी मागायला बसले होते, आई, आणि तू बरोबर होतीस हे लिहूनही झालं. पण ताट अडवलं त्या दिवशी मला पुरावा नको होता. तू खांद्यापलीकडे जशी बघायचीस, तशी माझ्याकडे बघत नव्हतीस. मला तिचा हेवा वाटायचा. अजून वाटतो.