चवळीखाऊची हाक

प्रिय सायोन,

हे पत्र तुला कोनाक्रीच्या विमानतळावर मिळेल. तुझ्या मामाच्या हाती देते आहे, आणि पानात बांधलेली एक पुडीही. पुडी आधी उघडू नकोस, पत्र आधी वाच. तू ऐकणार नाहीस हे ठाऊक आहे. तालातसुद्धा तू जरा आधीच येतोस असं माझे बाबा म्हणायचे, आणि मी त्यांच्याशी भांडायचे की तो त्याचा उत्साह आहे.

सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे. लग्नासाठी तुझ्या बहिणीचे, सिराचे कपडे शिवून झाले, निळ्या रंगाचे. तिला पिवळे हवे होते म्हणून दोन दिवस कुणाशी बोलत नव्हती. आंबे यंदा इतके आलेत की शेळ्यासुद्धा तोंड फिरवतात. बाबांची बोटं मात्र आता पूर्ण आखडली आहेत. रोज सकाळी मी शियाच्या बियांचं लोणी गरम करून चोळते. घास घेता येतो, जेंबे ढोलावर थाप मारता येत नाही. तू ब्रसेल्सला गेलास तेव्हा निदान दोन बोटं सरळ व्हायची.

तुला आठवतं, आमच्या अंगणात तू पहिल्यांदा शिकायला आलास? बाबांनी तुला वर्षभर ढोलाला हातच लावू दिला नाही. कातडं भिजव, केस खरवड, दोर ओढ. तू रागानं दोर ओढायचास आणि मी उखळाशी उभी राहून हसायचे. मग तुझे धडे सुरू झाले आणि मी मुसळाने तेच ठोके उखळाच्या काठावर वाजवायला लागले. तू चुकलास की माझं मुसळ चुकायचं नाही. आंब्याखाली बसलेले बाबा मान वर करून आधी तुझ्याकडे बघायचे, मग उखळाकडे, आणि काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, बाईनं केलेली आगळीक ते मोठ्या मनानं पोटात घालताहेत.

आपल्याकडे बाप स्वतःच्या लेकराला ढोल शिकवत नाही. मारायला उचललेली काठी मायेनं न मारताच खाली येते, म्हणतात. म्हणून मला जे काही शिकायचं ते तुझ्याकडूनच. थाप, चापट, लग्नाचे, पेरणीचे ताल, सगळं तू दिलंस, नदीकाठी, कपडे वाळेपर्यंत. राहिली होती एकच गोष्ट: आमच्या घराण्याची ढोलावरची हाक. जिच्याशिवाय या गावची नवरी दाराबाहेर पाऊल टाकायची नाही, जी ऐकली की नाचणारा जिथल्या तिथे थांबतो. मी तुला विचारलं होतं, बाबा माझ्याबद्दल काही म्हणाले का. तू हसून म्हणालास, "म्हणाले ना. चवळीखाऊच्या हाती हाक देऊ नकोस, पोटातला वारा ढोलात शिरेल."

आणि मी हसले. काय करणार? तू केइता कुळाचा, आम्ही कुलिबाली. तुम्ही आम्हाला चवळीखाऊ म्हणायचं, आम्ही तुम्हाला आमचे गुलाम म्हणायचं, आणि कुणी रागवायचं नाही, ही तर आजोबा-पणजोबांपासूनची सोय. थट्टेच्या नातलगाचं बोलणं तपासायला जाणं म्हणजे पोरकटपणा. तुझ्या थट्टेत बाबांचा नकार आहे एवढं मी समजले आणि मुकाट्यानं मुसळ उचललं.

तू गेल्यावर गावातल्या मुली परगावच्या ढोलक्याच्या हाकेवर घराबाहेर पडल्या. दर लग्नात बाबा चटईवरून माझ्याकडे एकदा बघायचे आणि मान खाली घालायचे. मला ती नजर म्हणजे धाक वाटायची: पोरी, मर्यादेत राहा. मी हात पदराखाली घ्यायचे.

गेल्या शुक्रवारी नमाजानंतर तुझी आई फोनवरचा व्हिडिओ दाखवायला आली. मोठ्या कौतुकानं आली होती बिचारी. ब्रसेल्समधला तुझा मोठा हॉल, गोल करून बसलेल्या कितीतरी बायका, प्रत्येकीपुढे जेंबे, आणि मध्ये तू. तू हाक वाजवलीस. खोटं कशाला सांगू, सुंदर वाजवलीस, आणि तेच जास्त लागलं. मग त्या बायकांना तू ती एकेक ठोका करून शिकवलीस. त्यांच्या पोटात वारा नसतो बहुतेक. शेवटी तू फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणालास. बाबांनी मला विचारलं, "काय म्हणतोय?" मी सांगितलं, "म्हणतोय, माझ्या गुरूंनी ही हाक जगात फक्त मलाच दिली."

बाबा म्हणाले, "फक्त त्याला? आणि तुला त्यानं दिली ती?"

मी म्हटलं, "मला कुठे दिली? तुम्हीच नको म्हणालात ना."

सायोन, त्या म्हाताऱ्याचा चेहरा तू बघायला हवा होतास. "मी नको म्हणालो? अगं, त्याला बजावून सांगितलं होतं, आधी पोरीला हाक दे, मग विमानात बस. माझी बोटं चालत नाहीत, आणि उखळावर तिचा हात तुझ्यापेक्षा चांगला आहे. निघताना विचारलं तर म्हणाला, दिली, पण ती चवळीखाऊ आहे, चवळी शिजल्याशिवाय वाजवायची नाही. मी हसलो. केइताचं बोलणं, हसायचंच असतं." इतकी वर्षं ते वाट बघत होते. त्यांना वाटत होतं, मला ढोलाची लाज वाटते.

तुझी आई फोन तसाच चालू ठेवून रडायला लागली. मी रडले नाही. केसानं गळा कापला जातो तेव्हा आधी नुसतं गार वाटतं. एकच थट्टा तू बाप-लेकीत दोन्हीकडून वापरलीस, आणि आम्ही दोघं एका ताटात जेवत असून एकमेकांना विचारलं नाही. दुसरा कुणी असता तर विचारलं असतं. तुझ्यावर विश्वास होता म्हणून हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी रीत मोडली. जेंबे माझ्यापुढे ठेवला आणि हाक तोंडानं म्हणायला लागले. गुन, गो-दो, पा. हात चालत नाहीत, जीभ चालते. मी चुकले तेव्हा त्यांनी काठी उचलली, थांबले, खाली ठेवली. म्हणाले, "बघ, म्हणूनच बापानं शिकवू नये." मग आम्ही दोघंही हसलो, आणि त्या हसण्यात तू नव्हतास.

काल हाक पूर्ण बसली. बाबांनी डोळे मिटून ऐकली आणि जेवायला वाढ म्हणाले.

आता पुडी उघड. त्यात कोलाच्या बिया आहेत. तू गेलास त्या आठवड्यात तुझ्या आईनं तुझ्यासाठी मला मागणी घालताना आणल्या होत्या, तेवढ्याच. त्या बाबांनी कधीच वाटून खाल्ल्या, या मी बाजारातून निवडून आणल्या. सिराचं लग्न उरकलं की लगेच आपलं, असा तुझा निरोप मिळाला. त्याला हे उत्तर: मागणीच्या कोला परत. तुझ्या आईला तोंडी सांगून झालं आहे. तिनं माझा हात धरला, सोडला नाही. परवा सिरा दाराबाहेर पडेल ती माझ्या हाकेवर. तिला विचारलं तर म्हणाली, "परगावच्या हाकेपेक्षा चवळीखाऊची बरी." तू ढोल आणू नकोस. नवरीच्या भावाचं काम नाचायचं, तू नाच. मन भरून नाच. माझी हाक आली की काय करायचं, ते तुला माझ्या बापानं शिकवलं आहे. आणि हे थट्टेवारी नेऊ नकोस.

तुझीच होणार होती ती,
नानतेनेन कुलिबाली