स्वतः इस्त्री केलेला शर्ट

४ मे

ती. ताईस,
बटणाचा सा. न. वि. वि.

शिबिरात सुखरूप पोचलो. मोबाइल आल्या आल्या काढून घेतले, म्हणून हे पत्र. बसच्या ड्रायव्हरकाकांना गाठलं आहे. ते शनिवारी खाली येतात, रविवारी परत वर. आपलं टपाल तेच.

इथे सकाळी कवायत, मग चर्चा. मुलगा-मुलगी समान, आणि पुढारी कसं व्हायचं, हे दोन्ही एकदमच शिकवतात. काल विषय होता, घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं. मी तुझं नाव सांगितलं. संचालकबाईंनी मला जवळ बोलावून शाबासकी दिली. तुझ्यामुळे पहिल्याच दिवशी माझी छाप पडली बघ.

आता कामाचं. इथे मुलांनी स्वतःचं सगळं स्वतः करायचं. भांडी, धुणं, इस्त्री. सोमवारी शर्टांची पाहणी असते आणि त्यात जो पहिला त्याचं भलतंच कौतुक होतं. मी आपला फुशारकीने सांगून बसलो की आमचं इस्त्रीचंच दुकान आहे. आता सगळ्यांच्या नजरा माझ्या शर्टावर, आणि मी जन्मात इस्त्रीला हात लावलेला नाही हे तुझ्याइतकं कोणाला माहीत! दोन शर्ट पाठवतोय. रविवारच्या बसने परत या असं त्यांना सांग.

तुझी निवड आधी झाली होती हे मी विसरलेलो नाही. मी फक्त तुझी जागा गरम ठेवतोय. मी परत आलो की दुकानात मी उभा राहणार आणि दुसऱ्या तुकडीला तू येणार, ठरलं ते ठरलं.

आईबाबांना नमस्कार. शर्टांवर आणि माझ्यावर सारखीच माया असू दे.

तुझा
बटण

१० मे

चि. बटणास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शर्ट मिळाले. कॉलरीचा मळ बघून वाटलं, तिथे धुणंही तू डोळे मिटून करत असशील. पुन्हा धुतले, मग इस्त्री केली. गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण गिळलंस तेव्हा अख्ख्या गल्लीला तुझ्यामागे पळवलंस, आता थोर झालास तरी तेच चाललंय.

इकडे लॉजच्या चादरींचा ढीग छताला लागला आहे. आईचं मनगट सुजलंय, तिला इस्त्री उचलवत नाही, म्हणून दोन्ही टेबलांवर मीच. बाबा गल्ल्यावर बसून येईल त्याला सांगतात की मुलगा पुढारी व्हायला गेलाय. मला निवडलं होतं हे सांगायचं त्यांच्या लक्षात राहत नाही. तू निघताना त्यांनी मला समजावलं होतं ना, की दुकानातून एकच माणूस सुटू शकतं आणि ते माणूस तू. मी वाद घातला नाही, कारण तू माझ्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होतास.

म्हणून पुन्हा आठवण करून देते, कंटाळू नकोस. शिबिर पुरं केलेल्या मुलींना शहरातल्या वसतिगृहात राहून पुढे शिकता येतं, निवडीच्या वेळी संचालकबाईंनीच सांगितलंय. आणि पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही. मी पिशवी भरून मोठ्या टेबलाखाली ठेवली आहे. निळी, नव्या बंदांची. चादरी घड्या करताना पाय तिला लागतो आणि बरं वाटतं.

वेळेवर जेव. आणि शेवटी कोण जेवतं ते सगळ्यांना सांगत बसण्यापेक्षा एकदा घरी येऊन माझ्यासाठी भांड्यात थोडं शिल्लक ठेव.

तुझी
ताई

१९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सलग दुसऱ्यांदा मीच पहिला! बाईंनी माझा शर्ट हातात धरून मुलींना विचारलं की मुलाला हे जमतं की नाही. टाळ्या पडल्या. तुझ्या हाताला खरंच तोड नाही.

एक मात्र स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. इथे राहून माझे डोळे उघडले आहेत. तू गप्प बसतेस म्हणून बाबांचं फावतं. बाईमाणसाने स्वतःसाठी उभं राहायला हवं. मी यावर भाषणही केलं आणि उदाहरण तुझंच दिलं, नाव न घेता.

आता बातमी. दुसऱ्या तुकडीसाठी बाईंना एक मदतनीस हवाय, राहणं-जेवण मोफत आणि पुढे कॉलेजची शिफारस. त्यांच्या मनात मी आहे. अडचण अशी की एका तुकडीत एका घरातलं एकच माणूस, हा इथला नियम. म्हणजे मी राहिलो तर तुला येता येणार नाही. मी तुझ्यासाठी शब्द टाकणार होतो, पण ताई, आम्ही इथे वशिल्याविरुद्ध शपथ घेतली आहे. समानता म्हणजे बहिणीलाही सवलत नाही. तुझ्या वयाचं माझ्या लक्षात आहे, पुढे काहीतरी मार्ग निघेलच.

अजून पक्कं नाही. दोघाचौघांनी कुजबुज केली आहे की माझे शर्ट घरच्या दुकानातून येतात, आणि बाई हल्ली माझ्याकडे जरा निरखून बघतात. समारोपाला पाहुण्यांसमोर प्रत्येक मुलाने स्वतः इस्त्री केलेला शर्ट घडी मोडून दाखवायचा आणि तिथेच घालायचा. पांढरा पाठवतोय. माझं सगळं या एका शर्टावर आहे. जीव ओतून कर.

बाबांना पत्र वाचून दाखव, त्यांना बरं वाटेल. दूर असलो तरी लोभाची घडी मोडू देऊ नकोस.

तुझा
बटण

२४ मे

चि. बटणास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी दोन गिऱ्हाइकांना थांबवून पुन्हा वाचायला लावलं. वशिल्याचा भाग त्यांना फार आवडला.

माझं म्हणशील तर मी रडले, भांडले नाही. स्वतःसाठी उभं राहायला सांगतोस, तर मी पहाटेपासून उभीच असते.

शर्ट सोबत आहे. इतकं मन लावून मी आजवर कोणाचंच कापड केलं नाही. कागदात गुंडाळून टाचण्या लावल्या आहेत. मंचावर जाईपर्यंत सोडू नकोस, घडी बिघडेल. शर्टाची पाठ पाहुण्यांकडे करून उलगड, म्हणजे सगळ्यांना नीट दिसेल. माझं एवढं ऐक.

सांभाळून राहा. तुझ्याबद्दल जे वाटतं ते शर्टात घडी करून ठेवलं आहे.

तुझी
ताई

२८ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काय सांगू, हसू आवरत नाही!

तू सांगितलंस तशी शर्टाची पाठ पाहुण्यांकडे करून मी तो उलगडला. समोर कुजबुज सुरू झाली. शर्ट वळवून बघतो तर पाठीच्या मधोमध इस्त्रीचा अख्खा काळा ठसा, टोकासकट, मध्ये तर कापडच जळून गेलेलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. वाटलं, संपलं सगळं.

आणि बाई उठून टाळ्या वाजवायला लागल्या! माइक घेऊन म्हणाल्या की या मुलाचे शर्ट घरून येतात असा त्यांना संशय होता, त्याबद्दल त्या सर्वांसमोर त्याची माफी मागतात. बाकीच्या शर्टांवर आया-बहिणींचे हात दिसतात, हा एकच शर्ट मुलाने स्वतः केलेला आहे. पाहुणे उभे राहिले. मी तो जळका शर्ट घालूनच भाषण केलं, पहिली इस्त्री करताना कसा चटका बसला ते सांगितलं. एक पाहुण्या डोळे पुसत होत्या. मदतनीस म्हणून माझी निवड झाली. सहा महिने तरी घरी येणं नाही.

दमून डुलकी लागली असेल तुला, मी समजू शकतो. मनाला लावून घेऊ नकोस, मी तुला केव्हाच माफ केलं. उलट एक सुचलं आहे. यापुढे प्रत्येक शर्टावर कुठेतरी लहानसा चटका ठेवत जा. खरं वाटतं.

थंडीचे कपडे लागतील. पाठवायला तुझी ती निळी पिशवी चालेल, तशी ती आता मोकळीच आहे. माझ्या यशात तुझाही थोडा वाटा आहे, हे मानतो, म्हणून माया आटू देऊ नकोस.

तुझा
बटण

१ जून

चि. बटणास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्रातला निवडीचा तेवढा भाग कापून बाबांनी दुकानात लावला आहे. चटक्याचं आपण कोणाला सांगायचं नाही असं त्यांनी मला बजावलं, जाळलेल्या कपड्याने दुकानाचं नाव जातं म्हणून.

पिशवी मोकळी नव्हती, मी केली. माझे कपडे फळीवर परत ठेवले आणि तुझे स्वेटर भरले. बंद नवे आहेत, ओढून तोडू नकोस.

तुझे तीन शर्ट पिशवीत वर ठेवले आहेत. एकाला बाहीवर, एकाला खिशाखाली, एकाला खालच्या काठाला चटका दिला आहे. आईने विचारलं की चांगलं कापड का जाळतेस. मी सांगितलं की तशी ऑर्डर आहे. पहिल्या शर्टावरून इस्त्री दोनदा उचलली, तिसऱ्यावर सरळ टेकवून ठेवली.

पुढच्या वेळी डाग कुठे हवेत ते आधीच कळवत जा. अंदाजाने जाळायला वेळ जातो आणि चादरी पडून राहतात.

तुझी
ताई